टोक काढा, रंगात या!

रंगीत पेन्सिल म्हटलं की बालवाडी आठवते ना? पण हीच पेटी घेऊन मोठमोठे कलावंत तासन् तास टेबलाशी बसतात, माहीत आहे का? चला, बीड जिल्ह्यातून एक रंगीत राउंड मारू!

पोटात शिसं नाहीच!
रंगीत पेन्सिलीत ना शिसं असतं, ना ग्राफाइट. आत असतं रंगद्रव्य, मेण किंवा तेल, पांढरी माती आणि हे सगळं धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ. साध्या पेन्सिलीची कांडी भट्टीत भाजतात, रंगीत कांडी भाजत नाहीत. भाजली की रंगाचा बेरंग ठरलेलाच!

शंभरी पार, तरी टोकदार
जर्मनीच्या फाबर-कास्टेलने खास चित्रकारांसाठी 'पॉलिक्रोमोस' पेन्सिली आणल्या १९०८ मध्ये. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडच्या कारान दाशने पाण्यात विरघळणारी 'प्रिझमालो' काढली. पेन्सिल फिरवा, ओला ब्रश फिरवा, वॉटरकलर तयार!

आधी घोडा, मग उंट
त्याच १९३१ साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. पहिला ब्रँड कोणता, माहीत आहे का? 'हॉर्स ब्रँड'! उंट नंतर आला आणि कॅम्लिन होऊन घराघरातल्या दप्तरात जाऊन बसला.

काळ्यावर रंगीत
आता सुपरस्टार! बीडवरून जाणारा हायवे धाराशिव जिल्हा ओलांडून सोलापूरला पोचतो. त्याच सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे चित्रकार शशिकांत धोत्रे. जे.जे. कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण पैशांअभावी शिक्षण सुटलं. हात मात्र थांबला नाही. काळा कागद आणि रंगीत पेन्सिली, बस्स! नऊवारीतल्या बायका, गावाकडची घरं इतकी हुबेहूब की फोटोच वाटावा. २०२५ मध्ये त्यांनी 'सजना' हा मराठी सिनेमाही दिग्दर्शित केला.

ट्रिक काय, माहीत आहे का? पांढऱ्या कागदावर सावली रंगवायची आणि उजेड सोडायचा. काळ्यावर उलटं: उजेड रंगवायचा, अंधार आयता मिळतो!

एका निळ्याने मोर होत नाही
पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यात मोर पाहिलाय? त्याची मान पेन्सिलीने रंगवायची तर आधी फिकट पिवळसर हिरवा, मग फिरोजी, मग गडद निळा, कडेला जांभळा. हात अगदी हलका, थरावर थर. शेवटी फिकट पेन्सिल दाबून घासायची की कागदाचे दाणे बुजतात आणि मान चमकते. या घासण्याचं नाव बर्निशिंग!

मे महिन्याचा गेम
पारा चाळिशीपार गेला की कांडीतलं मेण मऊ पडतं. रंग जाड बसतो, टोक पटकन झिजतं. तळहाताचा घाम कागदावर डाग पाडतो तो वेगळाच. म्हणून हाताखाली एक कोरा कागद हवाच.

न दिसणारी रेघ
मांजरीच्या पांढऱ्या मिशा कशा काढतात, माहीत आहे का? काढतच नाहीत! बोथट टोकाने कागदावर आधी खोलगट रेघ दाबून ठेवतात. वरून रंग फिरवला की खोलगट भाग पांढराच राहतो. मिशा हजर!

बुरशी नव्हे, मेण!
मेणाच्या पेन्सिलींनी पूर्ण केलेल्या गडद चित्रावर काही दिवसांनी पांढुरकी साय धरू शकते. घाबरू नका, मेण वर आलंय. मऊ कापडाने हलकेच पुसा आणि फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पक्कं करणारा स्प्रे, मारा.

रंग उडाला!
बऱ्याच पेन्सिलींतले गुलाबी आणि जांभळे रंग उन्हात लवकर विटतात. घरच्या घरी टेस्ट घ्या: रंगाची पट्टी ओढा, अर्धी झाका, खिडकीत ठेवा. मराठवाड्याचं ऊन फुकटात रिझल्ट देईल.

पेन्सिल मोठी की पासोडी?
इंग्लंडमधल्या केस्विकच्या पेन्सिल म्युझियममध्ये तब्बल ७.९१ मीटर लांबीची पिवळी पेन्सिल आहे. वॉव? मग अंबाजोगाईला या! संत दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांब कापडावर ग्रंथ लिहिला, तीच त्यांची प्रसिद्ध 'पासोडी'. लांबीत आपण जिंकलो!

बुटकी फेकू नका
पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाली की कलावंत तिला एक्स्टेंडर नावाची दांडी जोडतात, किंवा नव्या पेन्सिलीच्या मागे चिकटवतात. शेवटच्या कणापर्यंत वसूल!

या कलेला ना ईझल लागतं, ना टर्पेंटाइन, ना मोठा स्टुडिओ. सगळं दप्तरात मावतं. म्हणूनच गेवराई असो की केज, आष्टी असो की परळी, सुरुवात कुठेही करता येते. घरात कुणी चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देणारं असेल, तर दहावीच्या वाढीव गुणांवर थांबू देऊ नका. एक चांगली पेटी आणून द्या, आणि स्वतःही एक टोक काढून बसा!