विश्लेषण : खेळाडूबरोबर शत्रूही मोठा होतो तेव्हा… ‘ऑब्लिव्हियन’ इतका अवघड का वाटतो? पीसी घ्यावा की कन्सोल?

रस्त्यात एक दरोडेखोर आडवा येतो आणि शंभर सोन्याच्या नाण्यांची मागणी करतो. त्याच्या स्वतःच्या अंगावर मात्र हजारो नाणी किमतीचे चिलखत असते. ते विकले तर त्याला पुन्हा कधी कुणाला लुटावे लागणार नाही. ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ या गेममधील हा प्रसंग जवळपास दोन दशके गेमर मंडळींच्या थट्टेचा विषय आहे. पण हा विनोद ज्या रचनेतून तयार झाला, त्याच रचनेमुळे अनेकांनी हा गेम अर्ध्यावर सोडला आणि ‘आपल्यालाच जमत नाही’ असा समज करून घेतला. एप्रिल २०२५ मध्ये गेमची नवी आवृत्ती आली आणि जुने प्रश्न पुन्हा समोर आले. अवघडपणा नेमका कुठून येतो? तो कमी-जास्त करता येतो का? आणि त्यासाठी गेम कोणत्या यंत्रावर घ्यावा?

‘ऑब्लिव्हियन’ काय आहे?

अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओजने तयार केलेला हा ओपन वर्ल्ड रोल प्लेइंग गेम मार्च २००६ मध्ये पीसी आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. पुढच्या वर्षी तो प्लेस्टेशन ३ वर दाखल झाला. सायरोडिल या काल्पनिक प्रांतात खेळाडू तुरुंगातून बाहेर पडतो आणि त्याला सगळे जग मोकळे होते. मुख्य कथा पुढे न्यावी, चोरांच्या टोळीत शिरावे, जादू शिकावी की नुसते डोंगरदऱ्यांत भटकावे, हे त्याने ठरवायचे. कुठेही, कधीही जा, हे या गेमचे मोठे आश्वासन होते. अवघडपणाचा प्रश्नही याच आश्वासनातून निर्माण झाला.

‘लेव्हल स्केलिंग’ म्हणजे काय?

खेळाडू कुठूनही सुरुवात करू शकत असेल, तर प्रत्येक ठिकाणी किती ताकदीचा शत्रू ठेवायचा? यावर बेथेस्डाने काढलेला उपाय म्हणजे लेव्हल स्केलिंग. खेळाडूची लेव्हल पाहून गेम शत्रू, त्यांची शस्त्रे आणि बक्षिसे ठरवतो. पहिल्या लेव्हलला गुहेत उंदीर आणि साधे चोर भेटतात. वरच्या लेव्हलला तशाच गुहांमध्ये महागड्या चिलखतातले दरोडेखोर उभे असतात. काही शत्रूंची ताकद तर खेळाडूच्या लेव्हलबरोबर वाढतच राहते.

पगार वाढावा आणि त्याच महिन्यात घरभाडे, भाजी, पेट्रोल सगळे तेवढेच महागावे, तसा हा प्रकार आहे. आकडा वाढतो, पण हातात काही उरत नाही. रोल प्लेइंग गेमचे खरे सुख असते ते दहा तासांपूर्वी ज्याने पळवून लावले, त्याला आज लोळवण्यात. लेव्हल स्केलिंगमुळे नेमके तेच हिरावले जाते.

बक्षिसांचेही तसेच. ‘चिलरेंड’ ही तलवार मिळवून देणारी कामगिरी सुरुवातीलाच पार पाडली, तर तलवारीची कमकुवत आवृत्ती हाती येते आणि ती पुढे तशीच राहते. उत्साहाने लवकर काम केल्याची ही शिक्षाच.

मग लेव्हल वाढवणे तोट्याचे कसे ठरले?

मूळ गेममध्ये एकूण २१ कौशल्ये आहेत. त्यातली सात खेळाडूने ‘प्रमुख’ म्हणून निवडायची. प्रमुख कौशल्ये मिळून दहा वेळा वाढली, की पलंगावर झोपून लेव्हल वाढवता येते. त्या वेळी बळ, चपळता, बुद्धी यांसारख्या आठ गुणांपैकी तिघांत भर घालता येते. ही भर किती, हे मधल्या काळात त्या गुणाशी निगडित कौशल्ये किती वेळा वाढली यावर ठरते. एक ते चार वेळा वाढली असतील तर दोन गुण, दहा किंवा त्याहून जास्त वेळा वाढली असतील तर पाच.

म्हणजे हिशेब ठेवून खेळणारा एका लेव्हलमागे तीन गुणांत मिळून १५ अंक मिळवतो, तर सहज खेळणाऱ्याला सहाच मिळू शकतात. फरक नऊचा. वीस वेळा लेव्हल वाढेपर्यंत तो १८० अंकांवर जातो. शत्रू मात्र दोघांसाठी सारखेच वाढतात. ते लेव्हलचा आकडा पाहतात, खेळाडूचे बळ नाही.

यातून उलटाच धडा मिळाला. गोड बोलणे, व्यापार, उड्या मारणे अशी कौशल्ये प्रमुख म्हणून निवडणाऱ्याची लेव्हल भराभर वाढे, पण तलवार चालवायला तो कच्चाच राही. दुसरीकडे जाणकार खेळाडू कागद-पेन घेऊन प्रत्येक कौशल्याची नोंद ठेवू लागले, किंवा मुद्दाम न झोपता पहिल्याच लेव्हलवर राहू लागले. कारण तिथे राक्षसी दरवाजांपलीकडचे जगही सोपे जाते. जो गेम मनसोक्त भटकण्यासाठी बनवला, तो हिशेबाच्या वहीसारखा खेळावा लागणे, हे त्याच्या रचनेचे मोठे अपयश होते.

अवघडपणा कमी करायची सोय नव्हती का?

होती. सेटिंगमध्ये एक सरकपट्टी होती आणि ती केव्हाही मागेपुढे करता येत असे. पण ती नेमके काय बदलते, हे पाहायला हवे. पट्टी टोकापर्यंत अवघड बाजूला नेली, की शत्रूचा मारा सहापट होतो आणि खेळाडूचा एक-षष्ठांश. जो शत्रू पाच घावांत पडला असता, त्याला ३० घाव लागतात. ज्याला खेळाडूला मारायला १२ घाव लागले असते, त्याचे काम दोन घावांत होते.

यात शत्रू हुशार होत नाही, त्याचे डावपेच बदलत नाहीत. लढाई फक्त लांबते. उलट बाजूला पट्टी नेल्यास तक्रारीवर मलमपट्टी होते, पण दरोडेखोराच्या अंगावरचे चिलखत तसेच राहते. म्हणजेच ‘अवघडपणा’ आणि ‘समतोल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती मार बसतो हा अवघडपणा. केलेल्या मेहनतीचे फळ मिळते की नाही हा समतोल. पट्टी पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर नाही.

प्लॅटफॉर्मचा याच्याशी काय संबंध?

इथेच पीसी आणि कन्सोल यांची वाट वेगळी झाली. बेथेस्डाने पीसीवरील खेळाडूंना गेममध्ये बदल करण्याचे साधन मोफत दिले होते. त्याच्या आधारे हौशी मंडळींनी ‘मॉड’ बनवले. त्यातला ‘ऑस्कुरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल’ विशेष गाजला. त्याने जगाचा मोठा भाग खेळाडूच्या लेव्हलपासून सोडवला. काही गुहा धोकादायक म्हणजे धोकादायकच, नवख्याने तिथे जाऊ नये. तयारी करून परत आल्यावर मात्र विजय खराखुरा वाटे. हा मॉड बनवणाऱ्याला पुढे ऑब्सिडियन या कंपनीत ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’वर काम करण्याची संधी मिळाली.

एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशनवर तोच गेम विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र सरकपट्टीच होती. पीसीवाला नियम दुरुस्त करू शकत होता, कन्सोलवाल्याने ते मान्य करायचे होते. पुढे २०१६ मध्ये ‘स्कायरिम’च्या विशेष आवृत्तीसोबत कन्सोलवरही मॉड आले. त्यातही प्लेस्टेशन ४ वर बाहेरून तयार केलेली चित्रे, आवाज वापरण्यास परवानगी नव्हती. एक्सबॉक्सवर तुलनेने मोकळीक होती.

नव्या आवृत्तीत काय बदलले?

‘ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड’ २२ एप्रिल २०२५ रोजी पीसी, एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस आणि प्लेस्टेशन ५ वर एकाच दिवशी आला. बेथेस्डासोबत व्हर्च्युओस या कंपनीने तो तयार केला. दिसणे अनरिअल इंजिन ५ चे, पण आतली नियमांची यंत्रणा जुनीच, अशी त्याची बांधणी आहे.

लेव्हल वाढवण्याची पद्धत सुधारली आहे. आता प्रत्येक वेळी १२ अंक ठरलेले मिळतात. ते जास्तीत जास्त तीन गुणांत वाटायचे. प्रमुख नसलेली कौशल्येही लेव्हलला हातभार लावतात. त्यामुळे वही-पेनाची गरज संपली. जगाचे लेव्हल स्केलिंग मात्र मोठ्या प्रमाणात कायम आहे.

सरकपट्टीच्या जागी नोव्हिस, अप्रेंटिस, अडेप्ट, एक्स्पर्ट आणि मास्टर अशा पाच पायऱ्या आल्या. त्यात नवीच अडचण उभी राहिली. ‘अडेप्ट’ अनेकांना फार सोपे, तर त्याच्या पुढचे ‘एक्स्पर्ट’ एकदम जड वाटू लागले. जुन्या पट्टीवर मधली जागा निवडता येत होती, पायऱ्यांवर ती नव्हती. अखेर जुलै २०२५ च्या अपडेटमध्ये या दोघांच्या मध्ये ‘जर्नीमन’ ही पायरी घालण्यात आली.

सगळ्याच गेममध्ये असे असते का?

नाही. २०२२ मधील ‘एल्डन रिंग’ने अगदी उलट मार्ग धरला. त्यात अवघडपणाची निवडच नाही आणि शत्रू खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे बदलत नाहीत. एखादा शत्रू भारी पडला, तर दुसरीकडे भटकून ताकद कमवायची आणि परत यायचे. गेम कठीण म्हणून प्रसिद्ध आहे, पण वाढलेली ताकद तिथे जाणवते. बेथेस्डानेही २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये ठिकाणांना किमान आणि कमाल मर्यादा घालून जुनी चूक बरीच आवरली होती.

मग कोणी काय निवडावे?

विकत घेऊन लगेच खेळायचे असेल तर कन्सोल सोयीचा. सेटिंगशी झटापट करावी लागत नाही. पण कंपनीने दिलेला समतोल आहे तसा स्वीकारावा लागतो. नियम बदलण्याची हौस असेल तर पीसी. नव्या आवृत्तीला अधिकृत मॉड सुविधा नसली, तरी पीसीवर हौशी मंडळींचे मॉड आलेच. मात्र पीसीची किंमत हिशेबात धरायला हवी. नव्या आवृत्तीला १२५ जीबी जागा, किमान १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०७० टीआयच्या तोडीचे ग्राफिक्स कार्ड लागते. ताकदवान पीसीवरही मोकळ्या मैदानात गेम अडखळतो, अशा तक्रारी आहेत. लॅपटॉप साधा असेल तर मूळ गेम हा पर्याय आहेच. त्याला २००६ मध्ये ५१२ एमबी रॅम आणि ४.६ जीबी जागा पुरत होती आणि मॉडचा सर्वात मोठा साठा आजही त्याच्याचकडे आहे.

खेळताना सुरुवात ‘अडेप्ट’वर करावी, सोपे वाटले तर ‘जर्नीमन’वर जावे. निदान एक लढाईचे कौशल्य प्रमुख ठेवावे. नाव असलेले शस्त्र बक्षीस देणाऱ्या कामगिऱ्या उशिरा कराव्यात. आणि मध्येच पायरी खाली आणण्यात कमीपणा मानू नये. आठवड्यात जेमतेम दोन-तीन तास मिळणाऱ्याने ते तास तीस घाव मोजण्यात का घालवावेत? वीस लेव्हल चढूनही वाटेतला चोर भारी पडत असेल, तर तो दर वेळी खेळाडूचा दोष नसतो. बऱ्याचदा हिशेबच तसा मांडलेला असतो.