की-बोर्ड मेलेला नाही, त्याचं ऐकणारं कुणी नाही!

पेन ड्राइव्ह तयार आहे. लिनक्स मिंटची जवळपास तीन जीबीची फाईल रूम पार्टनरच्या हॉटस्पॉटवर रात्रभर उतरवून झालीय. तुम्ही पीसी चालू करता, एफ१२ वर बोट बडवत राहता, आणि समोर येतं काय? तेच ते विंडोज. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा बडवाबडवी. एखाद्या वेळी बूट मेन्यू उघडतोही, पण बाणाची बटणं दाबली तर निळी पट्टी जागची हलत नाही. आणि गंमत म्हणजे विंडोजमध्ये गेलं की हाच की-बोर्ड झक्कास चालतो.

सध्या हा प्रकार वाढलाय, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. नांदेडच्या भाग्यनगर-श्रीनगरच्या रूमवर किंवा लातूरच्या ट्युशन एरियात किनवट, देगलूर, उदगीरहून आलेली पोरं जे सेकंडहँड पीसी वापरतात, त्यातले बरेचसे याच वयाचे. त्यांना जिवंत ठेवायचं तर लिनक्स टाकणं हा बिनपैशाचा मार्ग. तो की-बोर्डपाशी अडला की दुकानात कुणीतरी सांगतं, ‘बोर्ड गेलाय, बदलावा लागंल.’ मेसचे पैसे तिकडे देण्याआधी पाच मिनिटं थांबा.

आधी हे समजून घ्या, की बटण दाबल्यावर ते ऐकतं कोण? एमएस-सीआयटीच्या क्लासात तुमच्या ताई-दादांनी बोटं बडवली, तो की-बोर्ड जांभळ्या गोल पिनेचा होता. त्याला पीएस/२ म्हणतात, १९८७ पासूनचा. त्याची वायर मदरबोर्डवरच्या ठरलेल्या कंट्रोलरला जाते, त्यामुळे पीसी चालू झाला की जवळपास लगेच त्याचं ऐकलं जातं. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीचं तसं नाही. तिथे आधी यूएसबीचा कंट्रोलर जागा व्हावा लागतो, मग तो पोर्टावर कोण आलंय हे विचारतो, पत्ता देतो, आणि तेव्हा कुठे कळतं की हा माऊस नाही, की-बोर्ड आहे. विंडोज चालू असताना हे काम विंडोजचा ड्रायव्हर करतो. बूट मेन्यूच्या वेळी मात्र विंडोज हार्ड डिस्कवर झोपलेलं असतं. तेव्हा सगळी मदार मदरबोर्डच्या चिपमधल्या बायोसवर. बायोसने यूएसबी जागं केलंच नाही, तर तुमचं एफ१२ हवेत जातं.

आणि बायोस ते का करत नाही? बहुतेकदा ‘फास्ट बूट’मुळे. पीसी दोन-चार सेकंद लवकर सुरू व्हावा म्हणून यूएसबीची ही चौकशी चक्क गाळली जाते. (ज्याला चार सेकंदांची घाई आहे तो नंतर तासभर रील्स बघतो, हा भाग वेगळा.)

दुखणं कुठे आहे ते एक दिवा सांगतो. चालू करताच नम लॉक दाबत राहा. दिवा लागतो-विझतो? मग बायोस ऐकतंय, तुमचं बटण चुकतंय. डेल, लेनोव्हो, एसरवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा एस्केप, असुसच्या डेस्कटॉपवर एफ८. दिवा ढिम्म, आणि विंडोज आल्यावरच जागा होतो? मग बायोस बहिरं आहे.

अशा वेळी पहिलं काम फुकटचं. ‘शट डाऊन’ऐवजी ‘रिस्टार्ट’ करा. विंडोजचं शट डाऊन आजकाल अर्धवट झोप असते, रिस्टार्ट पूर्ण असतं. दुसरं, की-बोर्ड कॅबिनेटच्या मागच्या पोर्टाला लावा, शक्यतो काळ्या. पुढचे पोर्ट, हब आणि निळे यूएसबी ३ चे पोर्ट जुन्या बायोसला नीट झेपतीलच असं नाही. ब्लूटूथ की-बोर्ड बाजूला ठेवा. रंगीबेरंगी दिव्यांचा गेमिंग की-बोर्डही. बायोसला यूएसबी की-बोर्डची एक साधी, आठ बाइटची भाषा कळते. काही गेमिंगवाले त्यापेक्षा जास्त बोलतात. मित्राचा स्वस्तातला साधा की-बोर्ड इथे बाजी मारतो.

तरीही नाही? मग पेच असा, की सेटिंग बदलायला बायोसमध्ये जायचंय आणि आत जायला की-बोर्ड हवाय. घराची किल्ली घरातच राहिली! पण खिडकी आहे. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरा आणि माऊसने रिस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. या वाटेने गेलं की बहुतेक वेळा यूएसबी जागं होतं. तिथेच पहिल्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ दिसलं तर पेन ड्राइव्ह थेट निवडता येतो, बूट मेन्यूची गरजच उरत नाही. फार जुन्या पीसीवर हे पर्याय दिसणार नाहीत. तिथे वजिराबादेत एखाद्या जुन्या दुकानात किंवा कॉलेजच्या लॅबच्या अडगळीत जांभळ्या पिनेचा की-बोर्ड शोधा. तो लावताना पीसी बंद हवा.

आत शिरलात की दोन गोष्टी बघा. ‘फास्ट बूट’ बंद करा आणि ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ चालू करा. की-बोर्ड बायोसच्या पानावर चालतो, पण पुढच्या काळ्या मेन्यूत मरतो, असं होत असेल तर दोष बहुधा या दुसऱ्या सेटिंगचा.

शेवटचा उपाय, मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर२०३२. पॉवर केबल भिंतीतून काढा, सेल काढा, काही मिनिटांनी परत बसवा. सगळ्या सेटिंग कंपनीच्या मूळ जागी येतात. पण बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या, आणि ‘साटा मोड’ काय होता त्याचा फोटो काढून ठेवा. तो बदलला तर विंडोज सुरूच होणार नाही. दिवाळीत महिनाभर गावी जाताना बोर्डाचं बटण बंद करणाऱ्यांचा हा सेल लवकर उतरतो, कारण मेन लाईन असताना तो जवळपास खर्चच होत नाही. उतरलेला सेल नवा टाका, आणि नंतर तारीख-वेळ लावायला विसरू नका. घड्याळ चार-पाच वर्षं मागे असेल तर ब्राउझर परीक्षा फॉर्मची साइटसुद्धा धोकादायक म्हणून उघडू देत नाही.