एका ताटाचा हिशेब : शालेय पोषण आहाराचा निधी आणि त्याची पोहोच

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. भगवान बुद्धांचे प्रवचन ऐकावे अशी त्याची मनापासून इच्छा होती. पण नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो धावतपळत प्रवचनस्थळी पोहोचला, तेव्हा भुकेने व्याकूळ झाला होता. तथागतांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले, त्याचे जेवण होईपर्यंत सर्व सभेला थांबविले आणि मगच धम्मदेशना केली. काही भिक्षूंना हे विचित्र वाटले. भुकेल्या माणसाच्या मनात उपदेश उतरत नाही, हे तथागतांनी त्यांना समजावून सांगितले.

या कथेतील तत्त्व आज कोणी नाकारत नाही. उपाशी मुलाला शिकवता येत नाही, हे शासनालाही मान्य आहे आणि समाजालाही. वाद उरतो तो पुढच्या प्रश्नाचा. त्या ताटाचा खर्च कोणी करायचा, किती करायचा आणि तो वेळेवर कोणी पोहोचवायचा? शालेय पोषण आहाराचे यशापयश या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांवर ठरते. निधीच्या हिशेबात जेथे फट राहते, नेमके तेथेच एखादे मूल पंगतीबाहेर राहते. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात हा हिशेब समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

मूठभर धान्यापासून कायद्यापर्यंत

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या शासकीय हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. शाळेत आपल्याला नळाला हात लावता येत नसे, शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. पाणी शाळेत होते, नळही होता. तरी ते एका विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नव्हते. सोय उपलब्ध असणे आणि ती प्रत्येकापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही.

याच साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. शिधा कमी पडला तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले. गावोगावच्या माताभगिनी घरच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढीत आणि त्या मुठींतून वसतिगृहाची चूल पेटत असे.

हा इतिहास आपल्याला अभिमानास्पद आहे. पण त्यातून आणखी एक गोष्ट शिकावी लागते. दान कितीही निर्मळ असले, तरी ते देणाऱ्याच्या परिस्थितीनुसार कमीजास्त होते. ज्या वर्षी माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यात पाऊस पडत नाही, त्या वर्षी मुलांची भूक वाढते आणि नेमकी त्याच वर्षी घराघरांतील मूठ रिकामी होते. म्हणून कायमस्वरूपी भोजनाला सार्वजनिक तिजोरीचा आधार लागतो.

तिजोरीचा आधारही नियमांवर अवलंबून असतो. मद्रास महानगरपालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातील शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. दर विद्यार्थ्यामागे दररोज एक आण्यापर्यंत खर्चाची मर्यादा होती. मुलांची उपस्थिती वाढली आणि योजना आणखी शाळांत गेली. पुढे प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून जेवणाचा खर्च करण्यास सरकारने हरकत घेतली आणि १९२५ मध्ये ती योजना बंद पडली. भूक संपली नव्हती. फक्त खर्चाचे खाते मान्य झाले नव्हते.

भारत सरकारने १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय पातळीवर योजना सुरू केली, तेव्हा अनेक राज्यांत शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो तांदूळ दिला जाई. तो घरी जाऊन सर्व कुटुंबात वाटला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांचा तो हक्क झाला. मूठभर धान्याच्या दयेपासून कायद्यातील हक्कापर्यंतची ही वाटचाल आहे.

पैसा येतो कसा आणि किती

‘प्रधानमंत्री पोषण’ या नावाने आज चालणाऱ्या या योजनेत धान्य केंद्र सरकार मोफत पुरवते. डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन यांचा खर्च महाराष्ट्रात केंद्र व राज्य यांनी ६० : ४० या प्रमाणात करावयाचा असतो. १ मे २०२५ पासून हा दर प्राथमिक वर्गांसाठी दर दिवशी, दर विद्यार्थ्यामागे ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी १० रुपये १७ पैसे आहे. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२२ पासून नोव्हेंबर २०२४ अखेरपर्यंत प्राथमिकचा दर ५ रुपये ४५ पैसे एवढाच होता. त्या दोन वर्षांत बाजारात डाळ, तेल आणि भाजीचे भाव थांबून राहिले नव्हते.

या पैशांत काय द्यायचे, तेही ठरलेले आहे. प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल; त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. उच्च प्राथमिकसाठी हे प्रमाण दीडपट असून त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. भाव वाढले आणि दर तोच राहिला, तर कागदावरचे ग्रॅम बदलत नाहीत. ताटातली डाळ मात्र पातळ होते.

ग्रामीण शाळांत तांदूळ, डाळी, तेल, मसाला हा धान्यादी माल नियुक्त पुरवठादारामार्फत येतो आणि इंधन व भाजीपाल्याची रक्कम शाळेला मिळते. ही रक्कम उशिरा आली तरी मुलांची भूक थांबत नाही. मग मुख्याध्यापक पदरमोड करतात, किराणा दुकानात उधारी चालते किंवा स्वयंपाक करणाऱ्या ताई घरची भाजी आणतात. शासनाला दिलेले हे कर्ज बिनव्याजी असते आणि ते देणाऱ्याचे नाव कोणत्याही वहीत नोंदले जात नाही.

लहान शाळेचे गणित

दर विद्यार्थ्यामागे ठरलेला दर वरवर समान वाटतो. पण सर्व शाळांना तो सारखा पुरत नाही. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातील एका वाडीची शाळा घेऊ, जिचा पट १८ आहे. तेथे दिवसाला १२२ रुपये ४ पैसे एवढाच खर्च मंजूर होतो. त्यात ३६० ग्रॅम डाळ, ९०० ग्रॅम भाजी, ९० ग्रॅम तेल, मीठमसाला आणि इंधन बसवायचे. १८० पटाच्या शाळेला १,२२० रुपये ४० पैसे मिळतात. डाळ दहापट लागते, म्हणून तिचे पैसे दहापट मिळणे योग्यच आहे. परंतु १८ मुलांचा भात शिजायला लागणारा गॅस १८० मुलांच्या भाताच्या एक दशांश नसतो. बाजारगावाहून भाजी आणण्याचे भाडेही मुलांच्या संख्येनुसार कमी होत नाही. मोठी शाळा घाऊक भावाने घेते, वाडीची शाळा किरकोळ भावाने.

परिणामी जी मुले सर्वांत दुर्गम भागात राहतात, त्यांच्याच ताटाला सर्वांत मोठी तूट पडते. लहान शाळांना इंधन व वाहतुकीसाठी पटाशी न जोडलेली किमान ठरावीक रक्कम मिळाली, तर ही तूट भरून निघू शकते. ही मागणी दयेची नसून साध्या अंकगणिताची आहे.

ताट कोठे थांबते

वारणा-कृष्णाकाठच्या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड कुटुंबे येतात. आपल्या जत, आटपाडी, माण भागांतूनही कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल वाळवा किंवा कराड तालुक्यातील फडावर असते. धान्य पटाच्या मागे जाते, मुलाच्या मागे जात नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. ते घेऊन जवळच्या शाळेत नाव लागले तर त्या शाळेत जेवणही मिळते. पण त्यासाठी फडावर जाऊन त्या मुलाला शाळेत आणणारा कोणीतरी लागतो.

दुसरी सीमा वयाची आहे. आठवीपर्यंत जेवणारी मुलगी नववीत गेली की तिचे ताट बंद होते. वाढीचे वय तेच असते, हायस्कूल बहुधा अधिक दूर असते आणि डबा भरून देण्याची घरची ऐपत वाढलेली नसते. पुष्कळ मुली नेमक्या याच टप्प्यावर शाळा सोडतात. निवासी शाळांचे मोल येथे कळते.

तिसरी सीमा सुट्टीची. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात सांगितले आहे. दुष्काळ जाहीर होतो त्या वर्षी माणदेशातील पालकांनी हा आदेश लक्षात ठेवावा.

चुलीपाशी कोण आहे

त्याच आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे. ज्या देशात एका मुलाला नळाला हात लावू दिला जात नव्हता, त्या देशात त्याच समाजातील एक ताई सर्व गावच्या मुलांसाठी भात शिजवते, यात मोठे सामाजिक परिवर्तन आहे. देशात काही ठिकाणी अशा ताईंच्या हातचे अन्न मुलांना खाऊ न देण्याचे प्रकार घडले आहेत. अशा वेळी स्वयंपाकीण बदलणे म्हणजे अस्पृश्यतेला शासकीय शिक्का देणे होय.

या ताईंचे मानधन महाराष्ट्रात महिन्याला २,५०० रुपये आहे आणि तेही वर्षातील दहा महिनेच मिळते. कामाच्या दिवसांवर ते विभागले तर दिवसाला शंभर रुपयांच्या आसपास रक्कम होते. चूल, भांडी, वाढणे आणि सफाई हे सर्व त्यात आले. योजनेचा खरा सर्वात मोठा देणगीदार शोधायचा असेल, तर या ताईंच्या न मोजलेल्या श्रमाकडे पाहावे.

अंड्याचा प्रश्न

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने मुलांना आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना फळ, देण्याचे ठरविले. स्वस्तात उत्तम प्रथिने देणारा दुसरा इतका सोपा पदार्थ नाही. जानेवारी २०२५ मध्ये यासाठीचा राज्याचा वेगळा निधी थांबला आणि अंडी व साखर यांचा खर्च लोकसहभागातून भागवावा असे सांगण्यात आले.

लोकसहभाग हा शब्द गोड आहे. परंतु ज्या गावात बागायती ऊस आहे तेथे तो सहज जमेल आणि ज्या वाडीला अंड्याची सर्वाधिक गरज आहे तेथे तो जमणार नाही. शंभर वर्षांपूर्वी शासन मुलांना जेवू घालत नव्हते, म्हणून समाजाने मूठ काढली. आज कायदा झाल्यानंतर पुन्हा त्या मुठीकडे बोट दाखविणे म्हणजे हक्काचे पुन्हा दानात रूपांतर करणे होय.

आपण काय करू शकतो

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. २०१५ च्या नियमांनुसार एखाद्या दिवशी जेवण दिले गेले नाही, तर धान्य आणि शिजवण्याचा खर्च मिळून होणारा अन्न सुरक्षा भत्ता पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला मिळाला पाहिजे. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिले, तर राज्य शासनाने जबाबदारी निश्चित करायची आहे. निधी तात्पुरता संपला असेल तर शाळेतील अन्य उपलब्ध निधी वापरून जेवण चालू ठेवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. ती रक्कम नंतर परत मिळते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आपल्यापैकी प्रत्येक पालकाने तीन प्रश्न विचारावेत. इंधन-भाजीपाल्याची रक्कम कोणत्या महिन्यापर्यंत आली आहे? ताईंचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत मिळाले आहे? पटावरची मुले आणि पंगतीतली मुले यांच्या संख्येत किती फरक आहे? या तीन उत्तरांत साऱ्या योजनेचा ताळेबंद दिसतो. उत्तरे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. कारण तोंडी तक्रार विरून जाते आणि लेखी नोंद वर पोहोचते.

देणगी द्यायची असेल तर तीही अवश्य द्यावी. तिथी भोजनाची तरतूद त्यासाठीच आहे. ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिनी किंवा १४ एप्रिलला आपल्या गावच्या शाळेत अंडी, फळे, गोड पदार्थ द्यावेत. मात्र हे हक्काच्या ताटावरचे वाढप असावे. हक्काच्या ताटाऐवजी ते कधीही स्वीकारू नये.

आळवीच्या सभेत त्या शेतकऱ्याला जे अन्न मिळाले, ते कोणाच्या घरून आले, याचा हिशेब कोणी मागितला नसेल. आपल्या मुलांच्या बाबतीत तो मागितला पाहिजे, रुपयांत आणि पैशांत, दर महिन्याला. तरच डोंगरातल्या अठराव्या मुलापर्यंत ताट पोहोचेल.