'वस्तीचा पुनर्विकास' : एका शब्दप्रयोगाचा विचार

नगरातील जुन्या भागाचे रूप पालटू लागले म्हणजे त्या एकाच घटनेस दोन परस्परविरोधी नावे प्राप्त होतात. रूथ ग्लास या विदुषीने १९६४ साली लंडनमधील श्रमिक वस्त्यांत मध्यमवर्गाचा शिरकाव होऊन मूळ रहिवासी दूर लोटले जात असल्याचे दाखविले आणि त्या प्रक्रियेस 'जेंट्रिफिकेशन' ही उपरोधगर्भ संज्ञा दिली. मराठीत तिच्यासाठी 'अभिजनीकरण' हा शब्द सुचविला जातो. परंतु व्यवहारात रूढ आहे तो 'पुनर्विकास'.

या शब्दाची अर्थव्याप्ती मुंबईच्या गिरणगावात कसोटीला लागली. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व उरलेला मालकांसाठी ठरविला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ 'मोकळ्या' जमिनीपुरती उरली. मग प्रश्न असा की, इमारत पाडल्यावर रिकामी होणारी जमीन 'मोकळी' म्हणावी काय? २००५ साली उच्च न्यायालयाने तशी म्हणावी असे ठरविले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ अमान्य केला. एका विशेषणाच्या अर्थनिर्णयावर उद्याने आणि घरे यांचा वाटा अवलंबून होता.

पुनर्विकासाचे समर्थक म्हणतात की, बंद गिरणी कोणासही पोसत नाही; जमीन विकली तरच कामगारांची देणी फिटतील व नवे उद्योग येतील. विरोधकांचे म्हणणे असे की, नवे रोजगार जुन्या कामगारांच्या वाट्यास येत नाहीत आणि वाढलेल्या किमतींमुळे त्यांच्या मुलांना तेथे घर घेता येत नाही. लोअर परळचा काही भाग घरविक्रीच्या जाहिरातींत 'अप्पर वरळी' झाला, हेही या संदर्भात लक्षणीय होय.

वादाचे मूळ 'वस्ती' या शब्दाच्या द्व्यर्थात आहे. वस्ती म्हणजे घरांचा समूह, तद्वतच तेथे वसणारी माणसेही. पहिला पक्ष पहिला अर्थ गृहीत धरतो, दुसरा पक्ष दुसरा. म्हणून पुनर्विकासाच्या कोणत्याही योजनेचे परीक्षण करताना, तिच्यातील 'वस्ती' कोणत्या अर्थाची आहे, हे प्रथम निश्चित केले पाहिजे.