‘त्याले देव भेटला म्हन्ते’

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेली बस सावनेर मागे टाकते, राज्याची सीमा ओलांडते आणि सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागतं. रस्त्यालगत औद्योगिक वसाहत, आत संत्र्याच्या बागा. पाट्या हिंदीत, बोलणं मराठीत. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून काढून नवा पांढुर्णा जिल्हा केला गेला. शनिवार-मंगळवार जवळच्या जामसावळीच्या हनुमानाला लोटणारी गर्दी पाहिली, की भक्ती हा विषय इथं कुणाला शिकवायला नको हे कळतं. ख्रिस्ती भक्ती मात्र या भागात फारशी कुणी जवळून पाहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकसंख्या ०.२९ टक्के निघाली, म्हणजे हजारात जेमतेम तीन माणसं. शेजारी नसला की त्याच्याबद्दलची माहिती मोबाइलवरून येते, आणि तीही अर्धी.

त्यातून गावात एक वाक्य फिरतं: ‘त्याले देव भेटला म्हन्ते.’ बोलणाऱ्याच्या मनात चित्र असतं ते असं, की कुणीतरी बाप्तिस्मा घेतला, पाण्यात बुडी मारली आणि त्याच दिवशी त्याचं देवाशी नातं जुळलं. ख्रिस्ती माणसं स्वतः ‘येशूशी वैयक्तिक नातं’ हा शब्दप्रयोग सतत करतात, त्यामुळे हे चित्र आणखी पक्कं होतं. शिवाय राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९६८ पासून आहे आणि २०२१ साली नवा आला, त्यामुळे चर्चा नेहमी धर्मांतरापाशी येऊन अडकते. जबरदस्ती, आमिष, फसवणूक झाली का, हे पाहणं कायद्याचं काम. माणूस देवाच्या जवळ गेला की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि तो ख्रिस्ती घरात जन्मलेल्यालाही चुकलेला नाही. कॅथलिक आणि ल्यूथरन घरांत बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो. मूल कळतं झालं की पुढे दृढीकरणाचा विधी असतो, कारण पाळण्यात असताना झालेल्या संस्काराला त्यानं स्वतः जाणतेपणी होकार द्यावा ही अपेक्षा असते.

बाप्तिस्मा आणि जवळीक यांत किती अंतर पडू शकतं, याचा सगळ्यात ठळक मराठी पुरावा पंडिता रमाबाईंचा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या, विधवा, पदरी लहानगी मनोरमा. संस्कृत मुखोद्गत, वादात भल्याभल्यांना गप्प करणारी बुद्धी. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सरळ कबूल केलं, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मधली सुमारे आठ वर्षं त्या अभ्यास करत होत्या, व्याख्यानं देत होत्या, अमेरिका फिरून आल्या होत्या, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच कमी दिसलं नसतं.

मग त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र पडलं. या हॅस्लमची गोष्ट मोठी गमतीची आहे. कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावच्या चर्चचा हा पाळक. वर्षानुवर्षं उपासना चालवत आलेला, पण आतून कोरडा. १८५१ साली एका रविवारी तो व्यासपीठावर उभा राहिला आणि बोलता बोलता आपलंच प्रवचन त्याच्या काळजाला भिडलं. समोर बसलेला एक स्थानिक उपदेशक ओरडला, पाळकसाहेबांचंच परिवर्तन झालं! हे वाचून रमाबाईंना आपली अवस्था ओळखू आली: धर्माची सगळी कामं हातावेगळी होत होती, पण ज्याच्यासाठी ती करायची त्याच्यावर विसंबणं राहून गेलं होतं. इतक्या वर्षांनी ही गोष्ट त्यांनी जगापुढे छापून मांडली, याला धाडस लागतं. नाव कमावलेल्या बाईला आपल्या बाप्तिस्म्यातलं अपुरेपण लपवणं सहज जमलं असतं.

या गोष्टीत दुसऱ्या एका समजालाही उत्तर आहे. श्रद्धा पक्की असेल तर शंका येत नाही, असं अनेकांना वाटतं; ख्रिस्ती मंडळींतही हे वाटणारे कमी नाहीत. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, तो वाचला की हा समज टिकत नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही असं त्या स्पष्ट लिहीत, चर्चने सांगितलं म्हणून मानायला नकार देत, शाकाहारही सोडत नसत. सिस्टर वैतागल्या, हट्टी म्हणाल्या. तरी रमाबाईंनी बायबल मिटून ठेवलं नाही. वादच त्यांना पुन्हा पुन्हा मूळ ग्रंथाकडे नेत राहिला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं ते याच स्वभावाच्या बळावर.

आणि बायबल तरी कुठं तक्रारीला घाबरतं? स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली अनेक देवाशी भांडणारी आहेत. तू गप्प का, किती दिवस थांबू, शत्रू हसतायत, असा त्यांचा सूर. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, दिलाशाची एक ओळ त्याला जोडलेली नाही. क्रूसावर येशूच्या तोंडी जे शब्द आले ते २२ व्या स्तोत्राच्या सुरुवातीचे, आणि तीही देवाने टाकल्याची तक्रारच. आपल्याकडे विठोबाशी भांडणाऱ्या संतांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

आता भावनेविषयी. टीव्हीवरच्या सभांमध्ये लोक हात वर करून रडतात, थरथरतात, कोसळतात. तेव्हा पाहणाऱ्याला वाटतं, जवळीक म्हणजे हीच. असं घडतच नाही असं म्हणणं खोटं होईल. १९०५ साली रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात मुलींनी रात्र रात्र रडून प्रार्थना केल्या आणि त्याची बातमी परदेशापर्यंत गेली. पण त्याच केडगावात दळण होतं, शेती होती, गुरं होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि ते सगळं त्या रात्रींनंतरही रोज चालत राहिलं. दुसरं टोक पाहायचं तर मदर तेरेसा. त्यांची खाजगी पत्रं २००७ साली, मृत्यूनंतर दहा वर्षांनी पुस्तकरूपाने आली आणि जग चकित झालं: जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाचं अस्तित्व जाणवतच नव्हतं. तरी पहाटेची प्रार्थना चुकली नाही, कोलकात्याच्या रस्त्यावरचा माणूस उचलून आणणं थांबलं नाही. चर्चने २०१६ साली त्यांना संत ठरवलं, ती पत्रं समोर असतानाच. कोरडेपणा म्हणजे नातं तुटल्याचा दाखला, असा हिशेब चर्चने तरी केलेला दिसत नाही.

मग जवळीक वाढते ती कशाने? उत्तर फारच साधं आहे, म्हणून लोकांना ते पटत नाही. शास्त्रवाचन, एकांतातली प्रार्थना, मंडळीसोबत उपासना, प्रभुभोजन, आणि हाताला येईल ती सेवा. मार्कच्या शुभवर्तमानात येशू पहाटे अंधारात उठून एकटाच निर्जन जागी प्रार्थनेला जातो. मत्तयमध्ये तो दार लावून प्रार्थना करायला सांगतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठातला ब्रदर लॉरेन्स हा लष्करातून आलेला, पायाने अधू माणूस. मठाच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना देवाचं स्मरण ठेवणं एवढीच त्याची साधना होती, आणि ती अंगवळणी पडायला आपल्याला वर्षं लागली असं तो सांगे. बोरगावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला यासाठी नोकरी सोडून डोंगरावर जायची गरज नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

रोजच्या वाचनाचंच पाहा. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला, कवितेवर गप्पा झाल्या, जाताना त्याने नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांच्या चरित्रात ही भेट चमत्कारासारखी सांगितली जाते. खरी मेख पुढे आहे. टिळकांनी ते पुस्तक रोज वाचायचा शब्द दिला होता आणि तो पाळला. सुरुवातीला कंटाळले, मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथं खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. गाडीतली भेट काही तासांची. त्यानंतरचं वाचन दोन वर्षांचं.

‘हे सगळं विलायती’ हा आक्षेपही याच टिळकांपाशी लंगडा पडतो. ते म्हणत, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या पुलावरून. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांचा वाटा मोठा आहे. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ते संन्यासी वृत्तीने राहिले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. त्याहून तीनशे वर्षं आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात मराठी ओवीत छापलं गेलं होतं. ओवी आणि अभंग परके म्हणायचे तर मग मराठीपण मोजायचं कशाने?

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची वाट मात्र पतीहून निराळी. १८९५ मध्ये पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी सोवळंओवळं सांभाळूनच. जात माणसांनी केली, देवाने नाही, हा विचार त्यांच्या मनात उगवायला आणि त्या विचाराने खाण्यापिण्याची बंधनं गळून पडायला काही वर्षं गेली. बाप्तिस्मा १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचणाऱ्याला जाणवतं, की नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोचं देवाशी नातं आपोआप जुळलं, असं त्या घरात घडलं नाही. एका घरातली दोन माणसं दोन वेगळ्या वेगांनी चालली.

‘वैयक्तिक’ म्हणजे ‘माझं एकट्याचं’ असंही नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळत होता. मध्य प्रांत म्हणजे नागपूर, छिंदवाडा, आजच्या बोरगावचा परिसरही. रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. प्रार्थनेत जे कळलं ते त्यांना मध्य प्रांतात घेऊन आलं, आणि सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी वाचवून नेल्या. त्यांच्या प्रार्थनेमुळे वादही पेटले, हे लपवायचं कारण नाही. पुढे पुण्यात हलवलेल्या शारदा सदनात त्या आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत, मुली येऊन बसत. सदनाचं धर्माच्या बाबतीत तटस्थतेचं वचन होतं, म्हणून ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार लावून घ्यायला हवं होतं का? टीकाकारांचा मुद्दा हवेतला नव्हता; पण मनात असलेलं बाईने आपल्याच घरात दडवावं, ही मागणीही सोपी नव्हती.

राहिला सगळ्यात महागडा गैरसमज: देवाशी जवळीक झाली की आजार जातो, पैसा येतो, कोर्टाची केस सुटते. रमाबाईंना उतारवयात ऐकू येईनासं झालं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती मुक्ती सदन सोपवायचं होतं ती एकुलती एक मुलगी. त्या दुःखात बायबलच्या भाषांतराचं काम चालू राहिलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, काम नुकतंच हातावेगळं झालेलं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला, हे तर नव्या करारातच आहे. तेव्हा ‘मोठी श्रद्धा, मोठा फायदा’ हे सूत्र ना मराठी ख्रिस्ती इतिहासात बसतं, ना त्यांच्या शास्त्रात.

म्हणून प्रार्थनेचे पैसे, तेलाच्या बाटलीचे पैसे, ‘खास आशीर्वादा’चे पैसे मागणारा कुणी बोरगावच्या चौकात आला, तर ख्रिस्ती असो वा नसो, त्याला विचारायला एक प्रश्न तयार आहे. मध्य प्रदेशच्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चचं मुख्यालय छिंदवाड्यात आहे; स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांच्या कामातून ते उभं राहिलं. ज्या मार्टिन ल्यूथरचं नाव हे चर्च लावतं, त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ मुद्दे मांडले ते पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चिठ्ठ्या पैशाने विकल्या जात होत्या, त्या विरोधात. तर मग या बाटलीची पावती कोणत्या वचनाच्या आधारावर फाडली, एवढं त्या विक्रेत्याने दाखवावं.