ग्रीसमधील समलिंगी विवाह

ग्रीसमध्ये समलिंगी विवाहाला १६ फेब्रुवारी २०२४ पासून कायदेशीर मान्यता आहे. ग्रीक संसदेने आदल्या दिवशी, १५ फेब्रुवारी रोजी, कायदा क्रमांक ५०८९/२०२४ संमत केला. त्यामुळे समलिंगी विवाहाला मान्यता देणारा ग्रीस हा ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बहुसंख्य असलेला पहिला देश ठरला. हे विधेयक न्यू डेमोक्रसी या उजव्या-मध्यममार्गी पक्षाच्या सरकारने मांडले होते. परंतु त्या पक्षाच्या सुमारे एक-तृतीयांश सदस्यांनी त्यास पाठिंबा दिला नाही आणि ते विरोधी पक्षांच्या मतांच्या आधाराने संमत झाले.

पार्श्वभूमी

ग्रीसच्या १९७५ च्या राज्यघटनेतील तिसऱ्या कलमात पूर्व ऑर्थोडॉक्स चर्चचा धर्म हा देशातील 'प्रचलित धर्म' असल्याचे नमूद आहे. १९८२ पर्यंत ग्रीसमध्ये केवळ धार्मिक विधीने झालेला विवाहच वैध मानला जात असे. १९८१ मध्ये सत्तेवर आलेल्या आंद्रेआस पापांद्रेऊ यांच्या पासोक या समाजवादी पक्षाच्या सरकारने १९८२ मध्ये नोंदणी विवाहाची तरतूद केली. सर्वांसाठी नोंदणी विवाह सक्तीचा करण्याच्या कल्पनेला चर्चने तीव्र विरोध केला. त्यामुळे तडजोड म्हणून धार्मिक व नोंदणी विवाहांना समान दर्जा देण्यात आला. १९८३ च्या कायद्याने हुंड्याची कायदेशीर प्रथा रद्द झाली आणि पती-पत्नींना कुटुंबात समान अधिकार मिळाले.

तिलोस बेटावरील विवाह

१९८२ च्या कायद्यात विवाह करणाऱ्या व्यक्तींच्या लिंगाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. याच आधारावर जून २००८ मध्ये तिलोस या लहान बेटाचे महापौर आनास्तासिओस आलिफेरिस यांनी एका स्त्री जोडप्याचा व एका पुरुष जोडप्याचा विवाह नोंदवला. सरकारी अभियोक्त्यांनी त्यास आव्हान दिले आणि न्यायालयांनी हे विवाह अवैध ठरवले.

सहजीवन करार

नोव्हेंबर २००८ मध्ये तत्कालीन न्यू डेमोक्रसी सरकारने विवाहाला पर्याय म्हणून 'सहजीवन करार' हा कायदेशीर संबंध अस्तित्वात आणला. मात्र तो केवळ स्त्री-पुरुष जोडप्यांसाठी खुला होता. त्याविरुद्ध काही जोडप्यांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. वाल्लियानातोस व इतर विरुद्ध ग्रीस या खटल्यात ७ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना वगळणे हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. त्या वेळी विवाहेतर नोंदणीकृत सहजीवनाची सोय करून ती स्त्री-पुरुष जोडप्यांपुरती मर्यादित ठेवणारे देश युरोप परिषदेत केवळ दोनच होते : ग्रीस आणि लिथुआनिया.

निर्णयाची अंमलबजावणी आलेक्सिस त्सिप्रास यांच्या सिरिझा सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये केली. सरकारमधील सहभागी पक्ष, स्वतंत्र ग्रीक, या विधेयकाच्या विरोधात होता. त्यामुळे सिरिझाला पासोकसह विरोधी बाकांवरील मतांवर विसंबून राहावे लागले. या कायद्याने वारसा इत्यादी बाबींत समलिंगी जोडप्यांना अधिकार मिळाले, परंतु संयुक्तपणे मूल दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला नाही. परिणामी अशा कुटुंबात मुलाशी कायदेशीर नाते केवळ एकाच पालकाचे असे. त्या पालकाचा मृत्यू झाल्यास किंवा मुलाच्या उपचारांसंबंधी निर्णय घेण्याची वेळ आल्यास दुसऱ्या पालकाला कोणताही अधिकार नसे. २०२४ च्या कायद्याच्या समर्थकांनी मांडलेला हा एक प्रमुख मुद्दा होता.

२०२४ चा कायदा

पंतप्रधान किरियाकोस मित्सोताकिस यांच्या न्यू डेमोक्रसीने जून २०२३ च्या निवडणुकीत सुमारे ४०.६ टक्के मते व ३०० पैकी १५८ जागा मिळवल्या होत्या. मित्सोताकिस यांनी जानेवारी २०२४ मध्ये विधेयकाची रूपरेषा जाहीर केली. पक्षातील विरोध लक्षात घेऊन त्यांनी सदस्यांवर पक्षादेश बजावला नाही.

मतदानात विधेयकाच्या बाजूने १७६ व विरोधात ७६ मते पडली. दोन सदस्य तटस्थ राहिले व ४६ सदस्य अनुपस्थित होते. माजी पंतप्रधान आंतोनिस सामारास यांनी विरोधात मत दिले. सिरिझाने विधेयकाला पाठिंबा दिला. त्याचे तत्कालीन नेते स्तेफानोस कास्सेलाकिस हे आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगणारे ग्रीसमधील पहिले प्रमुख पक्षनेते होते. पासोकने पाठिंबा जाहीर केला, तरी त्याचे काही सदस्य मतदानाला अनुपस्थित राहिले.

विरोध करणारे पक्ष एकाच विचारसरणीचे नव्हते. ग्रीक सोल्यूशन, निकी व स्पार्टन्स या उजव्या पक्षांनी धर्म आणि पारंपरिक कुटुंबसंस्थेच्या आधारे विरोध केला. ग्रीक साम्यवादी पक्षानेही विरोधात मतदान केले. मुलाचे मातृत्व व पितृत्व यांच्याशी असलेले नाते आणि सरोगसीचे व्यापारीकरण हे त्याचे आक्षेप होते. या पक्षाने २०१५ च्या सहजीवन कराराच्या विस्तारालाही विरोध केला होता.

तरतुदी व मर्यादा

कायद्याने नोंदणी विवाह दोन व्यक्तींच्या लिंगाचा विचार न करता खुला केला. विवाहित समलिंगी जोडप्यांना संयुक्तपणे मूल दत्तक घेता येते, तसेच दोन्ही पालकांना कायदेशीर पालकत्व मिळू शकते. मात्र वैद्यकीय कारणाने गर्भधारणा शक्य नसलेल्या स्त्रियांसाठी असलेली सरोगसीची सोय पुरुष जोडप्यांना देण्यात आली नाही. हा कायदा केवळ नोंदणी विवाहासंबंधी असल्याने चर्चवर असे विवाह लावण्याचे बंधन नाही.

चर्चची भूमिका

ग्रीसच्या चर्चच्या धर्मसभेने जानेवारी २०२४ मध्ये विधेयकाला विरोध जाहीर केला. मुलाला आई व वडील दोघेही मिळाले पाहिजेत, असे तिचे म्हणणे होते. मतदानापूर्वीच्या रविवारी, ११ फेब्रुवारी रोजी, अथेन्समधील सिंताग्मा चौकात हजारो लोकांनी निदर्शने केली. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी कायद्याचे स्वागत केले, परंतु सरोगसीबाबतच्या मर्यादेवर टीका केली.

निवडणुकीतील पडसाद

९ जून २०२४ रोजी झालेल्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत न्यू डेमोक्रसी पहिल्या क्रमांकावर राहिली. तथापि तिच्या मतांचे प्रमाण सुमारे २८.३ टक्क्यांपर्यंत घसरले. ग्रीक सोल्यूशनला ९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. या घसरणीच्या कारणमीमांसेत विवाह कायद्यामुळे दुरावलेल्या परंपरावादी मतदारांचा उल्लेख केला गेला. त्याचबरोबर वाढती महागाई आणि सुमारे ४१ टक्के इतके अल्प मतदान हेही घटक होते. त्यामुळे या निकालाचे श्रेय एकट्या कायद्याला देता येत नाही.