जुन्या ट्रकचा गंज
इंदूरजवळच्या पिथमपुरात १९८६पासून आयशरचे हलके ट्रक बनू लागले. त्या काळातली गाडी घरी दुरुस्तीला घेतली, की इंजिनाआधी गंजाशी गाठ पडते. बिजागऱ्या घासत बसू नका. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवा. १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार साध्या लोखंडी पट्टीला जोडा, दोन्ही एकमेकांना न टेकवता त्या पाण्यात बुडवा आणि चार्जर सुरू करा. गंज सैल होऊन सुटतो, खालचे चांगले पोलाद झिजत नाही. म्हणूनच ही रीत मला सर्वांत आवडते. धन बाजूला स्टेनलेस स्टील मात्र मुळीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायूही निघतो, तेव्हा काम उघड्या अंगणात, ठिणगीपासून दूर. चार्जर बंद करून भाग काढा, वाळवा आणि लगेच प्रायमर मारा. पावसाळ्यात उघडे पोलाद पाहता पाहता पुन्हा तांबूस होते.